चांदीचं एक पदक आणि त्याच्या कडेवरची तारीख

ब्रिटनमध्ये युद्धातली पदकं जमवणारे पुष्कळ आहेत. बुडत्या जहाजावरून माणसं वाचवल्याबद्दल मिळालेल्या पदकांच्या मागे लागणारे त्या मानाने थोडे, आणि मी त्यातला एक. युद्धाची पदकं मोहिमेत असलेल्या सगळ्यांना सरसकट वाटली जायची. ही पदकं मात्र एका माणसाला, एका वादळातल्या कामगिरीसाठी मिळत. त्यामुळे पदक हातात आलं की त्या रात्रीचा शोध घ्यायचा, हीच खरी मजा. खरेदी हा निम्माच भाग.

४ मार्च १८२४ रोजी सर विल्यम हिलरी यांच्या पुढाकाराने लंडनमध्ये ही पदकं देणारी संस्था स्थापन झाली. १८५४ मध्ये तिचं नाव रॉयल नॅशनल लाइफबोट इन्स्टिट्यूशन झालं. सोन्याची आणि चांदीची पदकं पहिल्याच वर्षापासून होती, कांस्यपदक १९१७ मध्ये आलं. पहिलं सुवर्णपदक मिळालं कॅप्टन चार्ल्स फ्रीमँटल यांना. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या क्राइस्टचर्चजवळ अडकलेल्या एका स्वीडिश जहाजाकडे ते अंगाला दोर बांधून पोहत गेले होते. सुवर्णपदक माझ्या खिशाला परवडणारं नाही. इंग्लंडमधल्या क्रोमर गावच्या लाइफबोटीचे प्रमुख हेन्री ब्लॉग यांना तीन सुवर्ण आणि चार रौप्यपदकं मिळाली; ती पाहायची तर त्यांच्या नावाच्या संग्रहालयातच. मी ठरवलं की सुरुवातीच्या काळातलं एखादं रौप्यपदक घ्यायचं, आणि तेही शक्यतो कोस्टगार्डच्या, म्हणजे किनारा राखणाऱ्या दलाच्या, माणसाचं. त्या दशकांत पदकं मिळवणाऱ्यांत कोस्टगार्डचे अधिकारी बरेच होते. हातात जी होडी असेल ती घेऊन ते लाटांत शिरत. नंतरच्या, खास बांधलेल्या लाइफबोटींच्या काळापेक्षा मला हा काळ जास्त ओढतो.

लिलावाच्या याद्या चाळायला लागलो तेव्हा पहिली अडचण फोटोंची आली. एका विक्रेत्याने पदकाच्या दोन्ही बाजूंचे सुरेख फोटो दिले होते, कडेचा मात्र एकही नाही. मागितला तर उत्तर आलं, ‘नाव आहे, स्पष्ट आहे.’ मी तो नाद सोडला. या पदकांचं सगळं मोल कडेवर असतं. मिळवणाऱ्याचं नाव आणि पदक मंजूर झाल्याची तारीख तिथे कोरलेली असते. नाव घासून दुसरं कोरलं असेल तर भिंग लावून पदक फिरवताना तेवढ्या जागी कड किंचित खोलगट दिसते, आणि प्रकाश तिथे वेगळा पडतो.

अखेर मनासारखं पदक एका लिलावात आलं. १८४० च्या आसपासचं, कोस्टगार्डमध्ये नेमलेल्या नौदलाच्या एका लेफ्टनंटचं. आदल्या दिवशी प्रत्यक्ष पाहायला गेलो. दर्शनी बाजूला चौथा जॉर्ज. शेजारी उभ्या असलेल्या गृहस्थांना लगेच शंका आली, कारण तो राजा १८३० मध्येच वारला आणि १८४० मध्ये गादीवर व्हिक्टोरिया होती. पण साचा बदलला नव्हता, एवढीच गोष्ट. बुडत्या जहाजावरची माणसं वाचवणाऱ्या, दीपगृहाच्या रखवालदाराच्या मुलीला, ग्रेस डार्लिंगला १८३८ मध्ये मिळालेल्या रौप्यपदकावरही चौथा जॉर्जच आहे. मागच्या बाजूला विल्यम वायन यांनी कोरलेला देखावा: होडीतली माणसं पाण्यातल्या एकाला वर ओढताहेत, आणि भोवती बायबलच्या स्तोत्रातली, खोल पाण्याने मला गिळू नये ही विनवणी. वर ओढणाऱ्याचे खांदे झिजून सपाट झाले होते. पदक बरीच वर्षं कुणीतरी पुसत आलं असणार. टांगायची कडी ओबडधोबड, घरगुती वाटावी अशी होती. मला त्याचं काही वाटलं नाही. सुरुवातीची पदकं कडीशिवायच दिली जात, ज्याने त्याने आपापली बसवून घेतली.

बोलीबद्दल फार सांगण्यासारखं नाही. फक्त हातोडा पडला ती रक्कम शेवटची नसते, हे धरूनच आकडा ठरवावा. वर लिलावगृहाचं कमिशन आणि त्या कमिशनवर २० टक्के व्हॅट. मी माझा आकडा कागदावर लिहून ठेवला होता आणि त्याच्या जेमतेम आत राहिलो.

खरं काम पुढे सुरू झालं. कडेवरची तारीख घेऊन जुन्या वर्तमानपत्रांच्या डिजिटल संग्रहात शिरलो तर त्या दिवशी ना वादळ, ना जहाज. आणि ते बरोबरच होतं! ती तारीख समितीने पदक मंजूर केल्याची. कामगिरी त्याआधीची, कधी काही आठवडे, कधी त्याहूनही जुनी. मग तारखेपासून मागे मागे सरकत गेलो. बातमी सापडली ती एका प्रांतिक वर्तमानपत्रात, धान्याच्या भावांखाली. लेफ्टनंटच्या आडनावात एक अक्षर कमी छापलेलं, त्यामुळे नाव टाकून शोधताना ती निसटत होती. जहाजाच्या नावाने लागली. कोळसा घेऊन निघालेलं छोटं जहाज, कप्तान आणि एक पोरगा बचावले, दोघे गेले. पोरगा दोरखंडात अडकला होता आणि लेफ्टनंटने तो दोरखंड चाकूने कापला, एवढं एक वाक्य.

मग लंडनमधल्या क्यू भागातल्या नॅशनल आर्काइव्ह्जमध्ये, म्हणजे सरकारी अभिलेखागारात, गेलो. कोस्टगार्डच्या नेमणुकांच्या नोंदवह्या तिथे एडीएम १७५ या मालिकेत आहेत. वाचकपत्र काढायला ओळखीचा आणि पत्त्याचा पुरावा लागतो. पेन आत नेता येत नाही, पेन्सिल चालते. वहीत आमचा लेफ्टनंट त्याच ठाण्यावर, त्याच वर्षी सापडला. पुढच्या रकान्यात त्याची बदली.

आता पदक, बातमीची प्रत आणि नोंदवहीचा फोटो एकत्र ठेवलं आहे. पदक मी चकाकवत नाही. आणखी झीज नको. एका जाणकाराने ती ओबडधोबड कडी काढून नीटनेटकी बसवायचा सल्ला दिला, मी नको म्हटलं. बदली झालेल्या ठाण्याच्या परगण्यातल्या अभिलेखागाराला लिहिलं आहे. तिथे शोधायचे पैसे तासावर घेतात, म्हणून आधी एकाच तासाचे भरलेत.