उसन्या तोंडाने बोलणारा धंदा

गेल्या वर्षी माझे मामा निपाणीहून मेलबर्नला आमच्याकडे महिनाभर राहून गेले. येताना त्यांच्या खिशात सिगारेटचे एक उघडे पाकीट होते. ऑस्ट्रेलियात प्रवाशाला २५ सिगारेटी आणि एक उघडे पाकीट यापेक्षा अधिक करमुक्त आणता येत नाही, त्यामुळे ते दोन दिवसांत संपले आणि मी त्यांना कोपऱ्यावरच्या दुकानात घेऊन गेले. दुकानात सिगारेट कोठेही दिसत नव्हती. दुकानदाराने गल्ल्यामागचे बंद कपाट उघडले, एक पाकीट काढून समोर ठेवले आणि कपाट लगेच लावून टाकले. पाकीट मळकट, हिरवट तपकिरी रंगाचे होते. दर्शनी बाजूचा तीन चतुर्थांश भाग सडलेल्या पायाच्या छायाचित्राने आणि इशाऱ्याने व्यापलेला होता आणि तळाशी कंपनीने दिलेले नाव साध्या, बारीक अक्षरांत होते. किंमत ४० डॉलरहून अधिक होती. मामांनी ते उलटसुलट करून पाहिले आणि म्हणाले, "पोरी, हे काय शेणाच्या रंगाचं पाकीट? ह्याला कोण हात लावंल?"

मी त्यांना सांगितले की कोणी हात लावू नये म्हणूनच तो रंग मुद्दाम शोधून काढलेला आहे. येथील सरकारने बाजार-संशोधकांकडून धूम्रपान करणाऱ्यांची मते घेतली आणि सर्वांत अनाकर्षक वाटेल असा रंग निवडला. सुरुवातीला त्याला 'ऑलिव्ह हिरवा' असे म्हटले जात होते. ऑलिव्ह पिकवणाऱ्यांच्या संघटनेने आपल्या फळाचे नाव तंबाखूशी जोडण्यास हरकत घेतली, तेव्हा ते नाव सोडून देण्यात आले. आज प्रत्येक कंपनीचे प्रत्येक पाकीट याच रंगाचे असते आणि त्यावरील नावाची अक्षरेही एकाच वळणाची व ठरलेल्या आकाराची असतात.

एका पाकिटाच्या रंगासाठी एवढा खटाटोप कशाला, असे वाटणे स्वाभाविक आहे. मात्र तोपर्यंत येथे वृत्तपत्रांतील, दूरचित्रवाणीवरील आणि रस्त्यावरील फलकांच्या जाहिराती बंद झाल्या होत्या, दुकानांतील मांडणीवर राज्ये एकेक करून बंदी आणत होती, आणि त्यानंतर कंपनीच्या हाती जाहिरातीसाठी उरले होते ते फक्त पाकीट, जे धूम्रपान करणारा माणूस दिवसातून अनेकदा खिशातून काढतो आणि चारचौघांसमोर टेबलावर ठेवतो. एप्रिल २०१० मध्ये तेव्हाचे पंतप्रधान केव्हिन रड यांनी ही जागाही काढून घेण्याचा निर्णय जाहीर केला. आरोग्यमंत्री निकोला रॉक्सन यांनी तो पुढे नेला. त्यांचे वडील धूम्रपान करणारे होते आणि रॉक्सन दहा वर्षांच्या असताना ते कर्करोगाने गेले. कायदा २०११ च्या अखेरीस झाला आणि १ डिसेंबर २०१२ पासून देशभर पूर्णपणे लागू झाला. असे करणारा ऑस्ट्रेलिया हा जगातील पहिला देश.

मधल्या अडीच वर्षांत जे घडले, ते मी येथे आल्यावर बारकाईने वाचले, आणि त्यातून एक गोष्ट माझ्या मनात पक्की बसली. हा धंदा अडचणीत आला की स्वतःच्या तोंडाने क्वचितच बोलतो. तो नेहमी दुसऱ्याचे तोंड उसने घेतो, आणि शक्यतो असे तोंड घेतो ज्याच्याविषयी ऐकणाऱ्याला आपुलकी असेल.

पहिले तोंड होते किरकोळ दुकानदारांचे. २०१० च्या निवडणुकीच्या तोंडावर 'अलायन्स ऑफ ऑस्ट्रेलियन रिटेलर्स' नावाची नवीच संघटना पुढे आली आणि तिच्या जाहिरातींत दुकानदार सांगू लागले की साध्या पाकिटांनी काहीही साधणार नाही, मग ती आणता कशाला? थोड्याच आठवड्यांत कंपन्यांची अंतर्गत कागदपत्रे पत्रकारांच्या हाती आली. त्यांतून दिसले की या संघटनेचा सुमारे ५० लाख डॉलरचा खर्च तीन मोठ्या तंबाखू कंपन्या उचलत होत्या आणि मोहिमेच्या नियोजनातही कंपनीचाच हात होता. आरोग्यक्षेत्रातील कार्यकर्त्यांनी मग प्रत्येक वादचर्चेत एकच प्रतिप्रश्न लावून धरला: या पाकिटांनी खरोखरच काही साधणार नसेल, तर ती अडवण्यासाठी तुम्ही एवढा पैसा का ओतत आहात?

दुकानदारांच्या नावाने आणखी एक दावा करण्यात आला होता, आणि त्याला दिलेले उत्तर मला सर्वांत अधिक आवडते. दावा असा होता की सगळी पाकिटे सारखी दिसू लागल्यावर दुकानदाराला हवे ते पाकीट शोधायला वेळ लागेल, रांगा वाढतील आणि छोट्या दुकानांचे नुकसान होईल. ऐकायला हे अगदी पटण्यासारखे होते. संशोधकांनी त्यावर लेख लिहून वाद घातला नाही. ते कायदा लागू होण्यापूर्वी आणि नंतर, ग्राहक म्हणून, अनेक शहरांतील शेकडो दुकानांत गेले, एखादे पाकीट मागितले आणि मागणीपासून ते हाती येईपर्यंतचे सेकंद मोजले. अगदी पहिल्या दिवसांत वेळ किंचित वाढला होता, आणि दोन-एक आठवड्यांतच तो पूर्ववत झाला. दुकानदारांनी कपाटातली पाकिटे नावांच्या अनुक्रमाने लावून घेतली असावीत, असा माझा अंदाज आहे. आमच्या कोपऱ्यावरच्या दुकानात तरी तसेच आहे. भीती पसरवणाऱ्या दाव्यासमोर मोजलेला आकडा ठेवणे, तोही तो दावा लोकांच्या स्मरणात असतानाच, याला चिकाटी लागते आणि आधीपासून केलेली तयारी लागते.

पुढची तोंडे दूरची होती. येथील सर्वोच्च न्यायालयात, म्हणजे हायकोर्टात, कंपन्यांनी आपली मालमत्ता सरकारने मोबदला न देता बळकावल्याचा दावा केला आणि ऑगस्ट २०१२ मध्ये सहा विरुद्ध एक अशा बहुमताने तो फेटाळला गेला. तोपर्यंत दुसरी वाट शोधून झाली होती. १९९३ साली हाँगकाँग आणि ऑस्ट्रेलिया यांच्यात गुंतवणूक संरक्षणाचा करार झाला होता. फिलिप मॉरिसच्या हाँगकाँगमधील कंपनीने २०११ च्या फेब्रुवारीत, म्हणजे सरकारचा निर्णय जाहीर होऊन दहा महिने उलटल्यावर, आपल्याच समूहाच्या ऑस्ट्रेलियन कंपनीची मालकी स्वतःकडे घेतली आणि त्या कराराच्या आधारे देशाला लवादासमोर खेचले. डिसेंबर २०१५ मध्ये लवादाने हा हक्काचा गैरवापर ठरवून प्रकरण निकाली काढले. जागतिक व्यापार संघटनेत होंडुरास, डॉमिनिकन प्रजासत्ताक, क्यूबा, इंडोनेशिया आणि युक्रेन या देशांनी तक्रारी केल्या. यांपैकी युक्रेन तर ऑस्ट्रेलियाला तंबाखू विकतही नव्हता. काही देशांच्या वकिलांचा खर्च तंबाखू कंपन्या देत असल्याचेही तेव्हा उघड झाले. युक्रेनने आपली तक्रार पुढे चालवली नाही. उरलेल्यांचा वाद जून २०२० मध्ये ऑस्ट्रेलियाच्या बाजूने संपला.

निकाल आपल्या बाजूने लागूनही दहा वर्षे खर्ची पडली, हे विसरून चालणार नाही. कंपनीला प्रत्येक खटला जिंकायचाच असतो असे नाही. एका देशाला कोर्टात अडकवून ठेवले की त्याच्याकडे पाहून इतर दहा देश कचरतात, एवढेही तिला पुरते. म्हणूनच कायद्याचे ज्ञान गरीब देशांपर्यंत नेणारी माणसे मला आघाडीवरच्या डॉक्टरांइतकीच महत्त्वाची वाटतात. मेलबर्नमध्ये मॅककेब सेंटर नावाची संस्था २०१२ पासून हे काम करते आणि वेगवेगळ्या देशांतील सरकारी वकिलांना असे खटले लढवण्याचे प्रशिक्षण देते. तिचे नाव रोला मॅककेब या मेलबर्नच्या स्त्रीवरून आले आहे. बाराव्या वर्षी सिगारेट धरलेल्या रोलाबाईंना पन्नाशीत फुप्फुसाचा कर्करोग झाला आणि त्यांनी कंपनीवर दावा लावला. कंपनीने हजारो कागदपत्रे नष्ट केल्यामुळे न्याय्य सुनावणी अशक्य झाली आहे, असे म्हणत २००२ साली न्यायाधीशांनी कंपनीचा बचावच रद्द केला आणि ज्युरीने रोलाबाईंना सात लाख डॉलर मंजूर केले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये त्या गेल्या. डिसेंबरमध्ये अपील न्यायालयाने तो निकाल फिरवला.

येथे चौदा वर्षांवरील लोकांत रोज धूम्रपान करणाऱ्यांचे प्रमाण २०१० मध्ये १५.१ टक्के होते. २०२२-२३ मध्ये ते ८.३ टक्क्यांवर आले. हे केवळ पाकिटामुळे घडले असे मी म्हणणार नाही, कारण याच काळात करही वर्षानुवर्षे वाढत गेला. त्या कराची दुसरी बाजूही डोळ्यांसमोर आहे. चोरट्या सिगारेटींचा व्यापार फोफावला आहे, आणि २०२३ पासून मेलबर्नच्या उपनगरांत गुन्हेगारी टोळ्यांनी तंबाखूच्या दुकानांना आगी लावण्याचे प्रकार वारंवार घडले आहेत. कंपन्या यावर कर कमी करा असे सांगतात. आरोग्यक्षेत्रातील लोकांचे म्हणणे असे की दुकानांना परवाना सक्तीचा करा आणि तपासणी वाढवा, आणि मला तेच योग्य वाटते. व्हिक्टोरिया राज्याने परवान्याचा कायदा केला तो २०२४ साली, आणि एवढा उशीर मला अजूनही खटकतो.

हे सर्व मी मामांना सांगत होते तेव्हा ते बराच वेळ शांत होते. आमच्या निपाणीच्या भागात वखारींतल्या तंबाखूच्या खकाण्याने शिंकत मुले लहानाची मोठी होतात. विडीच्या तंबाखूला योग्य भाव मिळावा म्हणून १९८१ साली शरद जोशींच्या नेतृत्वाखाली शेतकरी महामार्गावर बसले आणि पोलिसांच्या गोळीबारात त्यांतले काही मारले गेले, ही आठवण आमच्या घरात आजही निघते. ते भांडण तंबाखूच्या व्यापाऱ्यांशी होते. पुढे सिगारेट कंपन्यांनी जगभर शेतकऱ्यांच्याच नावाने बोलायला सुरुवात केली. तंबाखू उत्पादकांची एक आंतरराष्ट्रीय संघटना १९८४ पासून आहे, आणि ती जागतिक आरोग्य संघटनेच्या धोरणांविरुद्ध कंपन्यांसाठी कशी वापरली गेली, हे कंपन्यांच्याच जुन्या कागदपत्रांतून बाहेर आलेले आहे.

भारतात पाकिटाच्या ८५ टक्के भागावर चित्ररूप इशारा छापण्याचा नियम आला, तेव्हाही हेच घडले. २०१५ साली संसदेच्या संबंधित समितीचे अध्यक्ष, अहमदनगरचे तेव्हाचे खासदार दिलीप गांधी यांनी, तंबाखूमुळे कर्करोग होतो हे सिद्ध करणारी भारतीय पाहणी नसल्याचे विधान केले होते. मुंबईच्या टाटा रुग्णालयातील डॉक्टर आणि त्यांचे रुग्ण उघडपणे पुढे आले. नियम एक वर्ष लांबला आणि अखेर १ एप्रिल २०१६ पासून लागू झाला.

मामांना ते वर्ष चांगले आठवत होते. तेव्हा गावात कोणीतरी छापील निवेदने घेऊन आले होते, इशारा मोठा झाला तर तंबाखूचा शेतकरी मरेल असे त्यांवर लिहिले होते, आणि मामांसह गल्लीतल्या बहुतेकांनी त्यांवर सह्या केल्या होत्या. ती निवेदने कोणी छापली, असे मी विचारले. ते त्यांनी तेव्हा विचारले नव्हते. त्या वर्षी तंबाखूचा भाव कोणी ठरवला, असे मी पुढे विचारले, तेव्हा ते लगेच म्हणाले, "व्यापाऱ्यानं. आणि कोण ठरवणार?"