वर्म व्हीलचे दाते कशानं गेले?

कन्व्हेयरच्या गिअरबॉक्सचा आवाज वाढलाय, एवढीच तक्रार होती. ड्रेन प्लग काढला, तर ट्रेमध्ये उतरलेल्या ऑइलभर सोनेरी चुरा. वर्म, म्हणजे स्क्रूसारखे आटे असलेला दांडा, ज्याला फिरवतो ते दातेरी चाक, म्हणजे वर्म व्हील, बाहेर घेतलं. दाते झिजून पात्यासारखे पातळ झालेले. आणि वर्म जिथे कधी टेकतच नाही त्या हबच्या (चाकाच्या मधल्या भागाच्या) बाजूलाही ब्राँझ काळंठिक्कर. वर्मवर मात्र साधा ओरखडा नाही.

या जोडीत वर्म केस-हार्डन (वरचा थर कडक केलेल्या) स्टीलचा आणि चाक फॉस्फर ब्राँझचं असतं. दाते सतत एकमेकांवर घसटत सरकतात. तिथे स्टीलवर स्टील चालवलं, तर धातू चिकटून ओरबाडला जातो. 10-12 टक्के कथील असलेलं ब्राँझ वर्मशी जुळवून घेतं आणि झिजायचंच झालं तर स्वतः झिजतं. पण वर्षानुवर्षं, सावकाश.

सुपरवायझरनी निकाल देऊन टाकला: ओव्हरलोड. आमच्याकडे काहीही गेलं की ओव्हरलोडच असतो. पण लोडनं हब कसा काळा पडेल? स्टोअरमध्ये जाऊन बॅरल बघितले. व्हिस्कॉसिटी ग्रेड, म्हणजे ऑइलचा दाटपणा, 460, बरोबर. पण कंपाउंडेड (थोडा चरबीचा अंश मिसळलेल्या) ऑइलच्या जागी गंधक-फॉस्फरसवालं ईपी, म्हणजे जबर दाबासाठीचं, ऑइल आलेलं. खरेदी विभागानं आकडा जुळवला आणि हात झटकले. स्टीलच्या गिअरला हे ऑइल उत्तम. ब्राँझला मात्र त्यातला सक्रिय गंधक तापला की खातो, आणि वर्म गिअरबॉक्स घर्षणानं तापतोच. तांब्याच्या सल्फाइडचा काळा थर धरतो, वर्म तो खरवडून नेतो, खालचं ताजं ब्राँझ उघडं पडतं, त्यावर पुन्हा थर. लॅबकडून तांब्याच्या पट्टीची चाचणी करून घेतली: चकचकीत घासलेली पट्टी त्या ऑइलमध्ये 100 अंश सेल्सिअसला 3 तास. काळी निघाली.

नवं चाक बसवताना वर्मला निळा रंग लावून, तो दात्यांवर कुठे टेकतो त्याचा ठसा घेतला. वर्म दात्यातून बाहेर पडतो त्या बाजूकडे ठसा किंचित सरकलेला हवा, म्हणजे शिरतानाच्या बाजूला बारीक फट राहते आणि ऑइल आत ओढलं जातं. शिम (जागा जुळवायच्या पातळ चकत्या) बदलत बदलत तो तिथे आणला.

जुन्या चाकावर मात्र झीज नेमकी शिरतानाच्या बाजूला जास्त आहे. म्हणजे बसवणीही चुकलेली होती. मग ऑइलनं किती खाल्लं आणि बसवणीनं किती? चाक भंगारात जाऊ दिलेलं नाही. त्याच बॅरलमधून भरलेले बाकीचे गिअरबॉक्स उघडतोय. त्यातल्या ज्याचा ठसा बरोबर निघेल, त्याच्या दात्यांची जाडी या चाकाशी ताडून बघणार आहे.