परांचीतला चूडामणी

सुलामनी म्हणजे आपला चूडामणी, पालीतून बर्मी जिभेवर गेलेला. हे कळलं आणि वाईट वाटलं, कारण ऑगस्ट २०१६च्या भूकंपात या देवळाचा नेमका माथाच खाली आला होता.

मी म्यानमारमधल्या बागानला गेलो ते २०१८च्या जानेवारीत. भाड्याच्या ई-बाईकवरून धूळ खात सुलामनीला पोचलो, तर समोर देऊळ कमी आणि बांबूची परांचीच जास्त. नरपतीसिथू राजाने ११८३च्या सुमारास बांधलेली ही दुमजली वास्तू. चपलाच काय, मोजेसुद्धा बाहेर काढायचे. जानेवारी असली तरी दुपारी अंगणातली फरशी तळपायांना चांगलीच चटके देते.

आत भिंतींवर मोठमोठे बुद्ध रंगवलेले आहेत. बाहेर ठोकाठोकी, आत अंधार आणि गारवा. पण माझे पाय अडले ते बाहेर रचलेल्या विटांपाशी. जुनी वीट लांबरुंद आणि चपटी, हातभर लांबीची म्हणा ना. बागानच्या काही विटांवर त्या पुरवणाऱ्या गावाचं नाव उमटवलेलं असतं. आठशे वर्षांपूर्वीची मालाची पावतीच ती!

१९७५च्या भूकंपानंतरही इथे भरपूर डागडुजी झाली होती. नव्वदच्या दशकात तर लष्करी राजवटीने पडक्या देवळांवर नव्या विटांची शिखरं चढवली, पुरावा असो नसो. जाणकारांनी तेव्हाच नाकं मुरडली होती. २०१६ साली पडलं त्यात असं अलीकडचं काम बरंच होतं. मला विचाराल तर काही कळस तुटकेच बरे दिसले असते.

संध्याकाळी धम्मयांजी, बागानमधलंच दुसरं देऊळ. तिथली दंतकथा अशी, की दोन विटांच्या दरजेत सुई शिरली तर नरथू राजा गवंड्याचे हात तोडायचा. जवळ सुई नव्हती, मोबाईलचं सिमकार्ड काढायची पिन होती. आजूबाजूला कोणी नाही असं बघून (चुकलंच, कबूल) जुन्या दरजेला हलकेच टेकवली. शिरेना. शेजारी दुरुस्त केलेला पट्टा होता. तिथे मात्र अलगद आत गेली.

गवंड्याचं नशीब, नरथू राहिला नाही.