तुम्ही विचारलंत म्हणून: साइटवर माणसं किती येतात?

नागपुरात इतवारीतले कापडवाले असोत, धरमपेठेतले दातांचे डॉक्टर असोत की माझा सख्खा मामा, प्रश्न एकच. "तू वेबसाइटचंच पाहतेस ना? मग आमच्या साइटवर महिन्याला माणसं किती येतात, एका आकड्यात सांग ना." मी विचारते, कोणता आकडा? की चेहरा पडलाच समजा. त्यांना वाटतं हिला येत नसावं, नाहीतर काहीतरी लपवते आहे. एकांनी तर तोंडावर म्हटलं, "मॅडम, साधं मोजता येत नाही काय?"

नाही येत. सर्व्हरला, म्हणजे साइट ठेवलेल्या कॉम्प्युटरला, माणूस दिसतच नाही, त्याला फक्त मागणी दिसते: हे पान दे, हा फोटो दे. गूगल अ‍ॅनालिटिक्स हे मोजणीचं साधन ब्राउझरमध्ये कुकी, म्हणजे ओळखीची एक चिठ्ठी, ठेवतं आणि पुढच्या वेळी ती सापडली तर "जुनाच आहे" म्हणतं. तुम्ही सकाळी फोनवर पाहिलं आणि दुपारी ऑफिसच्या कॉम्प्युटरवर, तर तुम्ही दोघं झालात. घरातल्या एका फोनवर तिघांनी पाहिलं, तर तिघं मिळून एक. आयफोनच्या सफारीत अशी कुकी सात दिवसांत पुसली जाते, म्हणजे पंधरवड्याने येणारं तुमचं जुनं गिऱ्हाईक दर खेपेला नवीन. भेटींचंही तेच. कोणी पान वाचता वाचता उठलं आणि पाऊण तासाने परतलं, तर गूगल ती दुसरी भेट धरतं, कारण त्याची मर्यादा ३० मिनिटांची. होस्टिंगसोबत, म्हणजे साइट ठेवायच्या भाड्याच्या जागेसोबत, मिळणारं एडब्ल्यूस्टॅट्स हे दुसरं साधन तासभर थांबतं, म्हणून त्याच्याकडे ती एकच भेट. दोघंही आपापल्या जागी बरोबर आहेत. मी कोणाचा आकडा सांगू?

हे मी एवढं धरून का बसते, ते काटोलकडच्या एका घराचं सांगितल्याशिवाय कळणार नाही. त्यांची संत्र्याची बाग आहे आणि ते पेट्या घरपोच पाठवतात. साइट माझ्याकडे आली तेव्हा मुखपृष्ठावर बागेचे फोटो एकामागून एक फिरायचे आणि मोबाइलवर ते उघडेपर्यंत माणूस निघून जायचा. मी फोटो कमी केले, उरलेले हलके केले, विखुरलेल्या फाइली एकत्र केल्या. पान झटकन उघडायला लागलं. अंबिया बहाराची संत्री निघाली आणि मला घरी बोलावणं आलं.

समोर चहा, सोललेल्या संत्र्यांची ताटली आणि प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये एडब्ल्यूस्टॅट्सचे छापलेले कागद. त्यात महिन्यावार रकाने असतात: वेगळे पाहुणे, भेटी, पानं, हिट्स, बँडविड्थ. धाकट्या भावाने हिट्सच्या रकान्याला लाल पेनने गोल केला होता. आधीचे लोक त्यांना हाच आकडा सांगायचे, तो लाखात असायचा. आता त्याच्या पाचव्या हिश्श्यावर आला होता. "मॅडम, तुमच्याकडे साइट दिली अन् लोकं पळून गेले ना." वडील बाजेवर बसून ऐकत होते. आत फोन वाजत होता, थोरली सून उठून घेत होती, परत येत होती.

मी लॅपटॉप उघडला आणि सर्व्हरचा कच्चा लॉग, म्हणजे प्रत्येक मागणीची नोंद, काढला. एक अँड्रॉइड फोन, दुपारची वेळ. पहिली ओळ मुखपृष्ठाची. त्याच सेकंदाला लोगो, फॉन्ट, रंगरूपाची फाइल, मग फोटो, फोटो, फोटो. प्रत्येक ओळीत २००, म्हणजे मागितलं ते दिलं. प्रत्येक ओळ एक हिट. जुन्या साइटच्या लॉगवर बोट ठेवून मोजत गेले: एकाच माणसाच्या साठावर ओळी. नव्या साइटवर डझनभर. मी म्हटलं, पानातल्या वाट्या मोजून पंगतीत किती जण बसले होते ते कळेल का? वेगळ्या पाहुण्यांचा रकाना दाखवला, तो आधीइतकाच होता. गूगलचे आणि इतरांचे बॉट, म्हणजे आपोआप पानं चाळणारे प्रोग्राम, एडब्ल्यूस्टॅट्स वेगळे काढतं, तेही दाखवलं.

धाकट्या भावाने सगळं ऐकलं. मग म्हणाला, "ते ठीक आहे, पण आकडा तर कमीच आला ना."

तेवढ्यात वहिनी फोन ठेवून आल्या. म्हणाल्या, "फोन तर मागच्या वर्षीपेक्षा जास्त येऊन रायले. ते कुठं लिहिलं आहे यात?" कुठेच लिहिलेलं नव्हतं. साइटवरच्या नंबरावर बोट दाबलं की नोंद व्हावी, हे मी कामाच्या पहिल्या बोलण्यातच सुचवलं होतं. "नंतर पाहू" असं उत्तर मिळालं होतं. मी ते तिथे बोलून दाखवलं नाही. पुढच्या महिन्यात साइट दुसरीकडे गेली. पैसे गेले त्याहून मला लागलं ते हे की मी चांगलं केलेलं कामच माझ्याविरुद्ध पुरावा म्हणून त्या फोल्डरमध्ये होतं.

मी नवीन होते तेव्हाची मी आजही मला ऐकवते. हिट्सचा आकडा खोटा तर नाही ना? सर्व्हरवर किती ताण पडतो ते त्यातूनच कळतं. द्यायचा होता, माणूस खूश झाला असता. मी तिला सांगते, तो आकडे नुसते पाहून थांबत नाही, त्यावर पैसे लावतो. याच घरी शहरांच्या यादीत मुंबई वर दिसली म्हणून मुंबईत जाहिरात करायचं चाललं होतं. मोबाइल नेटच्या आयपीवरून, म्हणजे इंटरनेटवरच्या पत्त्यावरून, गाव नेमकं कळत नाही. इथे नागपूरच्या सक्करदऱ्यात बसून पाहणाऱ्याचं गावही मुंबई लागू शकतं. व्हॉट्सअ‍ॅपवरच्या लिंकवरून आलेले बहुतेक "डायरेक्ट"मध्ये पडतात, जणू त्यांनी पत्ता स्वतः टाइप केला. यावर ती विचारते, मग तुझं समजावून त्यांचं काय भलं झालं? याला माझ्याकडे उत्तर नाही.

आणि माझे आकडे तरी कुठे निर्मळ आहेत? नव्या गूगल अ‍ॅनालिटिक्समध्ये भेट १० सेकंदांवर गेली, किंवा दोन पानं पाहिली, किंवा तुम्ही महत्त्वाची ठरवलेली एखादी कृती झाली, तर ती गुंतलेली भेट. बाकी सगळ्या बाउन्स. नऊ सेकंदांत नंबर पाहून घरच्या फोनवरून पेटी सांगणारं गिऱ्हाईक तिथे वाया गेलेलं दिसतं. जुनी आवृत्ती बाउन्स वेगळ्याच रीतीने धरायची. १ जुलै २०२३ ला तिने नवी मोजणी थांबवली. ज्यांनी ते वर्ष जुन्याशी ताडून पाहिलं, त्यांना साइट एकदम सुधारली किंवा बिघडली असं वाटलं. मी हे सगळं जाणते आणि तरी सकाळी उठून आधी तोच आलेख उघडते.

वहिनी अजून मला नव्या लोकांचा अहवाल पाठवतात आणि विचारतात, यातलं नेमकं काय पाहू? मी सांगते, हिट्सचं पान सोडा. लोक आधी कोणत्या पानावर उतरतात ते पाहा. डिसेंबरला मागच्या डिसेंबरशी ताडा, मे महिन्याशी नको, कारण मे महिन्यात संत्रं कोण शोधणार? आणि फोन आला की विचारा, आमचा नंबर कुठे मिळाला, अन् वहीत लिहा.

परवा त्यांनी विचारलं, "पेटी कुठंकुठं पाठवतो ते पान सगळ्यात जास्त उघडतात, पण तिथून ऑर्डर येत नाही, काहून?" मी म्हटलं, आकड्यावरून एवढंच कळतं की तिथून पुढे ते ऑर्डरच्या पानावर जात नाहीत. गाव यादीत नाही म्हणून परत जातात, की पाठवणीचा खर्च लिहिला नाही म्हणून, ते आकडा सांगणार नाही. गावागणिक खर्च लिहून महिनाभर पाहा. त्या म्हणाल्या, "भावजींना सांगते. पण त्यांना अजून हिट्सच दाखवा लागते."