तुम्ही विचारलंत म्हणून: पट्टा कोणत्या खांद्यावरून?

प्रश्न बहुतेक वेळा स्नेहसंमेलनाच्या आदल्या आठवड्यात येतो. गुणवंत विद्यार्थ्यांना घालायचे सॅटिनचे पट्टे शिवून आलेले असतात आणि कोणीतरी विचारतं, 'हे उजव्या खांद्यावरून घालायचे की डाव्या?' त्यातच घरातलं एखादं वडीलधारं माणूस म्हणतं, 'उजव्या खांद्यावरून कसं घालता? ते अपसव्य झालं!'

उत्तर एका ओळीचं आहे. घालणाऱ्याच्या उजव्या खांद्यावरून डाव्या कमरेकडे. तसं घातलंत तर जगात बहुतेक ठिकाणी बरोबर ठरेल. पण अपसव्याची, म्हणजे श्राद्धात जानवं उजव्या खांद्यावर घेतात त्याची, शंका रास्त आहे आणि तिचं उत्तर नीट द्यायला हवं. त्यासाठी एकच गोष्ट बघायची: पट्ट्याच्या खालच्या टोकाला काय लटकत होतं?

तिथे तलवार लटकत होती. उजव्या हातानं लांब पातं उपसायचं तर म्यान डाव्या कमरेला लागतं, कारण हात अंगावरून आडवा जाऊनच पातं पूर्ण बाहेर निघतं. म्यानाचं वजन कमरेवर न टाकता खांद्यावर टाकायचं, तर पट्टा समोरच्या, म्हणजे उजव्या खांद्यावरून यावा लागतो. डाव्याच खांद्यावरून सरळ खाली सोडला तर चालताना घसरतो आणि डावा हात अडवतो. पुढे तलवार गेली, चामड्याचं रेशीम झालं, पण दिशा राहिली. फ्रान्समध्ये तिसऱ्या हेन्रीनं १५७८ साली स्थापन केलेल्या 'होली स्पिरिट' या सरदारमंडळाची खूण निळी फीत होती. उत्तम स्वयंपाकाला 'कॉर्दों ब्ल्यू', म्हणजे निळी फीत, म्हणतात ते तिच्यावरूनच. नेपोलियननं १८०२ मध्ये 'लेजियन द ऑनर' हा सन्मान सुरू केला. त्याच्या सर्वोच्च दर्जाचा लाल पट्टा आजही १० सेंटीमीटर रुंद असतो, उजव्या खांद्यावरून येतो आणि डाव्या कमरेशी त्याला पदक अडकवलेलं असतं. जिथे म्यान होतं तिथेच पदक आलं.

अपवाद आहेत. इंग्लंडचा 'गार्टर', स्कॉटलंडचा 'थिसल' आणि डेन्मार्कचा 'एलिफंट' हे तिन्ही मान डाव्या खांद्यावरून उजव्या कमरेकडे घालतात. गार्टरची फीत आधी गळ्यातच असायची. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात ती डाव्या खांद्यावरून उजव्या हाताखाली घेतली जाऊ लागली, म्हणजे घोड्यावर बसल्यावर पदक छातीवर आपटत नाही. ही दिशा तलवारीवरून आलेली नाही, म्हणून ती उलटी आहे.

आता अपसव्य. धर्मकृत्यात पट्टा नेमका उलटा का, याचंही कारण उजवा हातच आहे. फक्त तिथे त्याला शस्त्र उपसायचं नसतं, काम करायचं असतं. जानवं नेहमी डाव्या खांद्यावर असतं आणि उजवा हात मोकळा राहतो. पितृकार्यात ते उजव्या खांद्यावर घेतात, ते अपसव्य. ऋषितर्पणात माळेसारखं गळ्यात, ते निवीत. मुळात हे उत्तरीय होतं. आपस्तंब धर्मसूत्र सांगतं की वरचं वस्त्र नेहमी असावं, किंवा त्याच्या जागी नुसतं सूत्र चालेल. गोव्याच्या चर्चमध्ये डीकनचा, म्हणजे धर्मगुरूच्या खालच्या पायरीवरच्या सेवकाचा, 'स्टोल' ही लांब पट्टी बघा. तीही डाव्या खांद्यावरून उजव्या बाजूला बांधलेली असते. धर्मगुरू झाल्यावर ती गळ्यातून दोन्ही बाजूंना सरळ खाली सोडतात. बौद्ध भिक्खूही चीवर डाव्या खांद्यावर घेऊन उजवा खांदा उघडा ठेवतात. तेव्हा वडीलधाऱ्यांना एवढंच सांगायचं की जानव्याचं घराणं वेगळं आणि तलवारीच्या पट्ट्याचं वेगळं. शाळेतला पट्टा दुसऱ्या घराण्यातला आहे.

याच घराण्यात आपल्याकडचं एक पद आहे आणि त्याची आठवण ठेवणं मला फार गरजेचं वाटतं: पट्टेवाला. साहेबाच्या कचेरीतला निरोप घेऊन जाणारा माणूस खांद्यावरून पट्टा घालायचा आणि पट्ट्यावर खात्याचं नाव कोरलेली पितळी चकती असायची. ती चकती म्हणजे चपरास आणि ती लावणारा तो चपराशी. हा शब्द फारसीतल्या 'चप-ओ-रास्त', म्हणजे 'डावं-उजवं' यावरून आला असावा असं मानतात. म्हणजे आपला प्रश्न त्या शब्दातच बसलेला आहे! उच्च न्यायालयात न्यायाधीशांच्या पुढे चालणाऱ्या पट्टेवाल्याच्या अंगावर असा पट्टा अजूनही दिसतो. १८६१ साली सुरू झालेल्या 'स्टार ऑफ इंडिया' या ब्रिटिश किताबाचा फिकट निळा पट्टा संस्थानिक घालायचे आणि पितळी चकतीचा पट्टा शिपाई घालायचा. दोघांचा अर्थ एकच होता: या माणसामागे सरकार आहे.

कमरेचा पट्टा मात्र वेगळ्या वाटेनं आला. तो टांगण्यासाठी नसून खोचण्यासाठी आहे. मराठेशाहीत पेशवेपदाची वस्त्रं मिळत तेव्हा सोबत शिक्के-कट्यार येत असे. कट्यार राहते ती कमरेच्या शेल्यात. मुघल दरबारातला 'पटका' म्हणजे हाच कमरेचा लांब शेला. त्याचा मधला भाग साधा ठेवायचे आणि दोन्ही पदरांवर फुलझाडांची ओळ विणायचे, कारण मधला भाग वेढ्यात दडतो आणि पदर समोर लोंबतात. विणकरानं सगळी मेहनत डोळ्यांना दिसेल तिथेच घातलेली असते. मराठीत हाच 'पटका' कमरेवरून डोक्यावर चढला आणि 'जरीपटका' होऊन निशाणाच्या काठीवरही गेला. 'कमरबंद' इंग्रजांनी उचलला. त्यांच्या रात्रीच्या पोशाखातला चुण्यांचा 'कमरबंड' तो हाच. त्याच्या चुण्यांची तोंडं वर ठेवतात.

पूर्वेकडचा हा कमरेचा शेला सर्वात सुंदर रुजला तो पोलंड-लिथुआनियात. तिथल्या सरदारांनी तुर्की आणि इराणी शेले आपल्या लांब डगल्यावर बांधायला घेतले. मग अठराव्या शतकाच्या मध्यात राजिविल या सरदार घराण्यानं स्लुत्स्क गावात, जे आज बेलारूसमध्ये आहे, त्यांचा कारखाना काढला. तिथला नावाजलेला उस्ताद यान माजार्स्की हा इस्तंबूलहून आलेला आर्मेनियन होता. शेला साधारण तीन ते साडेचार मीटर लांब आणि ३० ते ४० सेंटीमीटर रुंद असायचा. खरी करामत विणीत होती. दोन्ही बाजू वेगळ्या, आणि प्रत्येक बाजूचे लांबीत दोन रंग. उभा दुमडून बांधला की एक चतुर्थांशच दिसतो, म्हणजे एकाच शेल्याची चार रूपं. सणाला जर आणि लाल वर, सुतकाला काळपट बाजू वर. एका वस्त्रात माणसाचे चारही प्रसंग बांधून ठेवणारी याहून नेमकी विणकाम-कल्पना दुसरी नाही.

कमरेच्या शेल्याला एक कठोर उपयोगही होता. ब्रिटिश अधिकाऱ्यांचा किरमिजी रेशमी शेला बाणा, म्हणजे आडवा धागा, न घालता विणलेला असे. नुसते उभे धागेच एकमेकांत पिळून जाळी केलेली. त्यामुळे तो आडवा ओढला की पुष्कळ रुंद होतो. जुलै १७५५ मध्ये अमेरिकेतल्या मोनोंगाहेलाच्या लढाईत जखमी झालेल्या ब्रिटिश जनरल ब्रॅडॉकला त्याच्याच शेल्याच्या झोळीतून नेलं, असं सांगतात. पुढे तो शेला जॉर्ज वॉशिंग्टनकडे आला. त्यात १७०९ हे साल विणलेलं आहे आणि तो माउंट व्हर्नन इथे जपून ठेवला आहे.

रंगांचा क्रम हा आणखी एक बारीक भाग. फ्रान्सच्या महापौरांचा तिरंगी पट्टा सोनेरी गोंड्यांचा, उपमहापौरांचा रुपेरी. खांद्यावरून घेतला तर महापौरांची निळी पट्टी गळ्याजवळ येते आणि खासदारांची लाल. तोच पट्टा, फक्त उलटा, आणि माणूस कोण ते कळतं. मेक्सिकोत राष्ट्राध्यक्षांच्या पट्ट्यावर २०१८ पासून हिरवा रंग पुन्हा वर आला. तिथे मावळते अध्यक्ष पट्टा काढून संसदेच्या अध्यक्षांकडे देतात आणि ते तो नव्या अध्यक्षांना देतात. अर्जेंटिनात २०१५ साली हा सोहळा कुठे करायचा यावरून वाद झाला आणि मावळत्या अध्यक्ष आल्याच नाहीत. तेव्हा सुमारे १२ तासांपुरते हंगामी अध्यक्ष झालेल्या फेदेरिको पिनेदो यांनी पट्टा दिला. भारतानं स्वातंत्र्यानंतर ही परंपरा चालवली नाही. राज्यघटनेच्या अनुच्छेद १८ नं किताब बंद केले. भारतरत्न गळ्यात घालतात, पद्म पदक डाव्या छातीवर लावतात. आपल्या राष्ट्रपतींना पट्टा नाही आणि मला ते योग्यच वाटतं.

अक्षरांचा पट्टा मात्र राजेरजवाड्यांचा नाही. जून १९०८ मध्ये लंडनच्या हाइड पार्कात मताधिकारासाठी जमलेल्या स्त्रियांनी जांभळा, पांढरा, हिरवा असे रंग अंगावर घेतले आणि 'व्होट्स फॉर विमेन' लिहिलेले पट्टे त्या चळवळीची ओळख बनले. शाळेचा पट्टा त्यांच्या जास्त जवळचा आहे, कारण तो वाचायचा असतो. उजव्या खांद्याचं दुसरं कारण इथे सापडतं. घालणाऱ्याचा उजवा खांदा म्हणजे बघणाऱ्याची डावी बाजू. देवनागरी डावीकडून उजवीकडे वाचतात, म्हणून मजकूर खांद्यापासून सुरू होऊन खाली उतरतो. डाव्या खांद्यावर घातला तर तोच मजकूर कमरेपासून वर चढतो. उर्दू शाळेसाठी हे सगळं बरोबर उलट होतं. तिथे दिशा आधी ठरवा आणि मगच छापा.

आता शिवणाचं. डाव्या कमरेच्या हाडापासून फीत छातीवरून उजव्या खांद्यावर आणि पाठीवरून परत तिथेच आणा. मोठ्या माणसाला साधारण १७० ते १९० सेंटीमीटर लागतात, पाचवी-सहावीच्या मुलाला १३० ते १५०. जोडासाठी १० सेंटीमीटर जास्त धरा. रुंदी मोठ्यांना १०, मुलांना ७ ते ८. दुहेरी शिवायचा तर १० च्या पट्ट्याला २२ सेंटीमीटर कापड लागतं. म्हणजे ११२ सेंटीमीटर पन्ह्याच्या दोन मीटर सॅटिनमध्ये पाच पट्टे निघतात. कापड उभ्या धाग्यावरच कापा. उरेब कापलं तर तासाभरात ताणून लोंबतं आणि अक्षरं वाकडी होतात. आत हलकं अस्तर हवंच, निदान मजकुराच्या भागात, नाहीतर अक्षरांच्या वजनानं सॅटिनला सुरकुत्या पडतात.

अक्षराचा मुख्य भाग ४ सेंटीमीटर उंच ठेवा. इंग्रजीसाठी केलेल्या आखणीत ६ सेंटीमीटर घेतात आणि मग वेलांट्या नि उकार शिवणीत जातात. ही चूक सर्वात जास्त दिसते. पहिलं अक्षर खांद्यापासून १८ ते २० सेंटीमीटर खाली घ्या. त्याहून वर घेतलं तर ते खांद्याच्या वळणात लपतं.

सरळ पट्टी तिरकी नेली की मानेकडची कड सैल पडून उचलली जाते. तिथे आतून एक बारीक टक घ्या. कमरेशी दोन टोकं कोनात भेटतात. ती सरळ एकावर एक शिवली तर पट्टा तिथे पिळतो. कोन धरून टाका घाला आणि जोड फुलानं झाका. मानाच्या पट्ट्यांवर तिथे फुलासारखी गाठ असते तीही याच कामासाठी.

साडीवर पदर डाव्या खांद्यावर असतो, म्हणून पट्टा पदराच्या वरून जातो. उजव्या खांद्यावर ब्लाउजला आतून सेफ्टी पिन लावा. नऊवारीलाही हेच. उलट्या पदराच्या गुजराती पद्धतीच्या साडीला पट्टा पदरावरच टाचावा लागतो.

आणि शेवटी, व्यासपीठावर गडबड होते ती पाहुण्यांमुळे. ते समोर उभे असतात आणि स्वतःच्या उजव्या बाजूला पट्टा टाकतात. तो मुलाच्या डाव्या खांद्यावर पडतो आणि मजकूर पाठीवर जातो. शिवाय आपल्या हातांना हाराची सवय असते, म्हणून पट्टा गळ्यातच राहतो. यावर उपाय असा: पट्ट्याच्या आतल्या बाजूला खांद्याच्या जागी लाल दोऱ्याचा एक टाका घालून ठेवा, तबकात तो टाका वर येईल असा पट्टा मांडा, आणि मुलाला आधीच सांगा की पट्टा डोक्यावरून आला की उजवा हात आतून बाहेर काढायचा.