तुम्ही विचारलंत म्हणून: सोन्याचं औषध आणि माझं मनगट

"बाई, ते सोन्याचं औषध सुरू केलंत का?" ठाण्याच्या तलावपाळीला फेरी मारताना आठवड्यातून दोनदा तरी कुणीतरी हे विचारतंच. दोष माझाच. आमच्या नौपाड्यातल्या ज्येष्ठांच्या कट्ट्यावर मी हौसेने बोलले होते: हाडांची झीज आणि तिच्यावर औषध म्हणून अभ्यासले जाणारे सोन्याचे नॅनोक्लस्टर. आयुष्यभर रसायनशास्त्र शिकवलंय, समोर चार माणसं बसली की राहवत नाही. त्यात डावा हात तेव्हा प्लॅस्टरमध्ये. लोकांनी दोन्ही गोष्टी जोडून टाकल्या.

नाही, घेत नाही. ते औषध अजून दुकानात आलेलंच नाही.

मग लगेच पुढचा प्रश्न: "आपण बाळाला सोनं उगाळून चाटवतो, तसंच ना हे?" तसं नाही. सहाणेवर उगाळलं तरी ते बांगडीतलंच सोनं, स्वभावाने थंड, कुणाच्या अध्यात ना मध्यात. नॅनोक्लस्टर म्हणजे मोजक्या अणूंचा पुंजका, साधारण दोन नॅनोमीटरपेक्षाही लहान (नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग). सगळ्यांत जास्त अभ्यास झालेल्या पुंजक्यात सोन्याचे २५ अणू असतात: १३ गाभ्यात, १२ त्यांच्या भोवती, आणि बाहेरून गंधकाने चिकटलेल्या १८ रेणूंचं कुंपण. इतकं लहान झालं की सोनं धातूसारखं वागत नाही, एखाद्या रेणूसारखं वागतं. पिवळा रंगही जातो. २००९ मध्ये अल्ब्युमिन या प्रथिनात असे पुंजके वाढवले गेले, ते अतिनील दिव्याखाली लालभडक दिसतात. कृती ऐकून कट्ट्यावरच्या एक आजी म्हणाल्या, "अगं, हे तर दही लावणं झालं." खरंच की. सोन्याचा क्षार, प्रथिन, थोडा अल्कली, आणि ३७ अंशांवर बारा तास झाकून ठेवायचं. इतक्या वर्षांच्या शिकवण्यात मला ही उपमा सुचली नव्हती.

आता हाड. नौपाड्यात राहणाऱ्याला हे समजावणं सोपं, कारण आमच्याकडे दर दुसरी इमारत रिडेव्हलपमेंटला गेलेली. हाडातही तेच चालू असतं. ऑस्टिओक्लास्ट नावाच्या पेशी आम्ल सोडून जुनं हाड पाडतात, ऑस्टिओब्लास्ट नवं बांधतात. पाळी गेल्यावर इस्ट्रोजेन घटतं आणि पाडकामवाले मोकाट सुटतात. बांधकाम मागे पडतं. हे पाडकामवाले तयार होताना पेशीत प्राणवायूचे खट्याळ, चटकन प्रतिक्रिया करणारे रेणू वाढतात आणि त्या कामाला जोर देतात. सोन्याचे काही पुंजके ते रेणू टिपून घेतात, म्हणून पाडणाऱ्या पेशी कमी तयार होतात. काचेच्या बशीत वाढवलेल्या बांधणाऱ्या पेशींनाही त्यांनी हुरूप आणलेला दिसला. एकाच औषधाने पाडकाम रोखायचं आणि बांधकामही वाढवायचं, हे मोठं आकर्षण आहे. बीजकोश काढलेल्या उंदरिणींवर, म्हणजे जणू पाळी गेलेल्यांवर, आशादायक निकाल आले आहेत.

पण उंदराच्या हाडाचा बाहेरचा घट्ट थर आपल्यासारखा आतून खणून पुन्हा फारसा भरला जात नाही. शिवाय उंदीर ओल्या न्हाणीघरात घसरत नाही.

माझी खरी शंका वेगळी आहे. सोनं औषधात नवं नाही. जर्मन जंतुशास्त्रज्ञ रॉबर्ट कॉखने १८९० मध्ये सोन्याचा सायनाइड क्षार क्षयाच्या जंतूंना रोखतो असं दाखवलं. १९२९ मध्ये फ्रान्सच्या डॉक्टर फोरेस्तिएने संधिवातावर सोन्याच्या क्षारांची इंजेक्शनं दिल्याचं मांडलं, आणि ती पुढे अनेक दशकं दिली गेली. गुण यायचा, पण अंगावर पुरळ आणि लघवीत प्रथिन, म्हणजे मूत्रपिंडाला त्रास, हेही मागोमाग यायचं. नॅनोक्लस्टरच्या बाजूने एक गोष्ट चांगली: साधारण साडेपाच नॅनोमीटरपेक्षा लहान कण मूत्रपिंडातून गाळून बाहेर पडू शकतात. मात्र रक्तात गेल्यावर त्यांना प्रथिनं चिकटली तर आकार वाढतो. आणि हाडाचं औषध चार दिवसांचं नसतं, वर्षानुवर्षं घ्यायचं असतं. पाच वर्षांनी ते सोनं शरीरात कुठे बसलेलं असेल, हे मला आधी कुणीतरी सांगावं. मग माझी बाही वर.

आणि हो, हे ऐकून सुवर्णभस्म आणायला धावू नका. भस्मातले कण कितीतरी मोठे, लहानमोठे मिसळलेले. २५ अणूंच्या पुंजक्याचे निकाल त्याला लावता येत नाहीत.

हाडांची घनता सांगणारा माझा टी-स्कोअर उणे २.७ आला. उणे २.५ आणि त्याखाली म्हणजे हाडं ठिसूळ. तेव्हा डॉक्टरांनी हाडांची झीज रोखायला दिलेली अ‍ॅलेन्ड्रोनेटची गोळी दर शनिवारी उपाशीपोटी, पेलाभर साध्या पाण्याबरोबर घेते. नंतर अर्धा तास आडवं व्हायचं नाही, चहाही नाही. सूनबाई मुद्दाम त्याच वेळी आलं ठेचते.

पडले त्या दिवशी मनगट इतकं सुजलं की बांगडी निघेना, कापावी लागली. गोखले रोडवरच्या सोनाराने विचारलं, "बाई, जोडून देऊ?" मी मोडीत दिली. त्या पैशांत हाडांची घनता मोजायची डेक्सा तपासणी झाली आणि न्हाणीघरात धरायला दोन दांडे बसले. सोन्याचं औषध बघायचंच असेल तर घरी या, दांडे दाखवते.