तसंच असेल

आज दिवसातल्या शेवटच्या काउन्सेलिंग सेशनला आलेल्या काकू बोलता बोलता थांबल्या. "घरात सगळे आहेत गं, पण..." आणि गप्प. आणि मी, कसली घाई होती कोण जाणे, लगेच म्हटलं, "एकटं वाटतं." त्या म्हणाल्या, "हो, तसंच असेल." बाकीचं लिहिणार नाही, ते त्यांचं आहे.

पण ते 'असेल' काही डोक्यातून जाईना. आग्रहाने वाढलेलं नको असलं तरी पानात घेतात ना, तसा घेतला त्यांनी माझा शब्द.

एमएला प्रत्येक सेशनचं व्हर्बेटिम लिहायला लागायचं, कोण काय बोललं ते सगळं, शांतता पण, कंसात सेकंदांसकट. माझ्या पहिल्या व्हर्बेटिममधे शांतता कुठेच नव्हती. मॅडम ओरडल्या नाहीत, फक्त ७ ठिकाणी समासात लिहिलं, "इथे तू का बोललीस?" घरी येऊन रडले होते. मग वर्षभर समोरचं माणूस गप्प झालं की मनात आकडे मोजायचे. आज नाही मोजले.

दमले होते म्हणून असेल, दिवसाला ६ जण, ५०-५० मिनिटं, मधल्या १० मिनिटांत नोट्स आणि पाणी, तासावर घेतलेली खोली वेळेत रिकामी करायची, परत दादरला लोकलच्या गर्दीत घुसायचं, माझं कोण ऐकतं... हे सगळं ठाण्यापर्यंत चाललं होतं. तिथे चौथी सीट मिळाली, टेकले, आणि कळलं की दमण्याचं कारणच नाहीये हे.

मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्सनी १९५७ च्या पेपरमधे थेरपीत बदल घडायला ६ अटी सांगितल्यात. त्यातली एम्पथीची अशी, की समोरच्याचं जग जणू आपलंच असल्यासारखं जाणायचं, पण ते 'जणू' सुटू द्यायचं नाही. परीक्षेत पाठ करून लिहिलं होतं मी हे. आज काकूंचं 'पण' ऐकलं आणि ते सुटलंच. आई पण ओटा पुसता पुसता अशीच अर्धं बोलून... जाऊ दे. 'एकटं वाटतं' हे मी काकूंना म्हटलंच नव्हतं बहुतेक.

त्यांचा स्वतःचा शब्द काय असेल? अडगळ? की नुसता रागच? बघा, परत मीच शोधायला लागले.

ठीक आहे, चुकलं. गुरुवारी आल्या की विचारेन, "मागच्या वेळी तुम्ही 'पण' म्हणून थांबलात आणि मी मधेच बोलले, काय सांगत होतात?" आणि गप्प बसेन. त्याआधी सुपरव्हिजनला, म्हणजे सीनियर थेरपिस्टकडे, हे घेऊन जायचंय, म्हणून आत्ता बसून व्हर्बेटिम लिहितेय, कॉलेजसारखं. त्या 'पण' पुढे कंसात टाकलंय: शांतता, २ सेकंद. तेही फार तर.